सतरा एकांचा भागाकार

प्रिय अक्का,

फोन हाताशी असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज आला की मी पुन्हा तुझी चौदा वर्षांची धाकटी बहीण, तुझी तंगी होते, आणि जे बोलायचं ते राहून भलतंच बोलून जाते. कागदावर तसं होत नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, हे मैंदर्गीला शेतावर गेलेत, घरात मी एकटीच आहे. माझी छाती बरी आहे. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तपासलं आणि गोळ्या त्याच चालू ठेवल्या. चनबसप्पादाजींचे गुडघे आता कसे आहेत? थंडी पडायच्या आत त्यांना एकदा सोलापूरला दाखवायला आण. शेंगाचटणीचा डबा भरून ठेवलाय, तो या पत्राबरोबर पाठवीन. संस्कृतीला तिखट चालत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी थोडी केलीय.

आता जे सांगायचंय ते क्रमानं सांगते. त्यातलं बरंचसं तुला माहीतच आहे, पण क्रम सोडला तर माझं धैर्य जाईल.

शहाऐंशी साली आपण सोलापुरात बाळीवेशीतल्या त्या दोन खोल्यांत राहत होतो. अप्पा पोस्टात, तू कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि मला त्या वर्षी सांधेताप झाला होता. ताप उतरला पण हृदयाला झळ लागली, म्हणून डॉक्टरांनी शाळा बंद करून निजून राहायला सांगितलं. मी बारा वर्षांची होते. सकाळी मिलचा भोंगा झाला की अप्पा जायचे, मग तू जायचीस, अव्वा खाली दोन घरी भाकऱ्या करायला जायची, आणि मी छताकडे बघत पडायची. चार वाजता जिन्यावर तुझ्या चपला वाजेपर्यंत त्या घरात माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. तुला हे माहीत होतं. म्हणून तर तू एके दिवशी माझ्या पोटावर पाटी ठेवलीस आणि म्हणालीस, एकापुढे एक असे नऊ एक मांड, आणि त्यांना तशाच नऊ एकांनी गुण. मी तास लावून गुणलं आणि उत्तर आलं एक दोन तीन करत नऊपर्यंत चढणारं आणि तसंच परत एकापर्यंत उतरणारं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तू शेजारी बसून शेंगा सोलत होतीस, आणि माझ्याकडे न बघता हसत होतीस.

मग ते एकांचं वेडच लागलं आपल्याला. तीन एक म्हणजे तीन गुणिले सदतीस. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एक फोडायला मला दोन दिवस लागले, दोनशे एकोणचाळीस सापडला तेव्हा मी अव्वाला हाक मारून उठून बसले आणि बोलणी खाल्ली. एकांची गिनती सम असली की अकरानं भाग जातोच, तिनाच्या पटीत असली की तिनानं जातोच, खरा प्रश्न गिनती स्वतःच मूळ संख्या असते तेव्हाचा, हे तू समजावलंस. अकरा एक तू फोडलेस. तेरा एकांना त्रेपन्नानं भाग गेला. सतरा एक मात्र फुटेनात. एकशे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. मी ती संख्या भिंतीवर खडूनं लिहिली होती, आणि अव्वानं ती सारवताना तेवढी जागा सोडली होती.

चौतिसाचा नियम तू स्वतः काढलास. कुठल्या पुस्तकात तो असेल, पण तू तो पुस्तकातून घेतला नव्हतास. मला तू असा सांगितलास. एखाद्या मूळ संख्येनं भागत गेलं की तिच्या बाक्या अंगणातल्या पोरींसारख्या फेर धरतात. ती संख्या सतरा एकांना भागत असेल तर प्रत्येक फेरात बरोबर सतरा पोरी असणार, आणि एकही पोर फेराबाहेर उरणार नाही. म्हणून त्या संख्येतून एक वजा केला की सतरानं भाग गेलाच पाहिजे. आणि मूळ संख्या विषम, म्हणून एक वजा केल्यावर ती सम, म्हणजे चौतिसानंही जाणार. चौतिसाच्या पटीत एक मिळवायचा, तेवढ्याच संख्या तपासायच्या, बाकीच्या सगळ्या सोडून द्यायच्या. मी आज तीस वर्षं गणित शिकवते. इतकं स्वच्छ मला कधी समजावता आलेलं नाही.

तू ते कॉलेजातल्या मोहोळकरसरांना दाखवलंस. सरांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. कुणी नाही म्हटल्यावर ते खुर्चीतून उठले, असं तू घरी येऊन सांगितलंस, आणि सांगताना तुझे कान लाल झाले होते. सर म्हणाले होते, सतरा एक फुटतात, त्यातला लहान तुकडा एकवीस लाखांच्या आत आहे, याहून जास्त मी सांगणार नाही. तो शोधून आण. मग मी स्वतः तुझ्या वडिलांकडे येतो आणि तुला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा म्हणून सांगतो. अप्पांना तू हे जेवताना सांगितलंस. अप्पा घास थांबवून म्हणाले, "सर सोता घरी येऊन सांगू देत. मग बगू की." अप्पांच्या तोंडून 'मग बगू' म्हणजे अर्धा होकारच होता.

एकवीस लाखांपर्यंत चौतिसाच्या एकसष्ट हजार सातशे चौसष्ट पटी. त्यातून तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी जाणाऱ्या गाळल्या. सरांच्या पुस्तकातून तू आणखी एक चाळणी शिकलीस, तिनं उरलेल्यातल्या निम्म्या गेल्या. तरी बारा हजारांच्या आतबाहेर भागाकार राहिले. अकरा वह्या झाल्या. भागाकार पाटीवर करायचा, वहीत फक्त कितवी पट आणि बाकी किती एवढंच लिहायचं, आणि पाटी ओल्या फडक्यानं पुसायची. कागद परवडत नव्हता. सात वह्या तुझ्या, चार माझ्या. दीड वर्ष आपण दोघी रोज वीस-बावीस भागाकार करत होतो. गड्ड्याच्या जत्रेला सगळी गल्ली गेली तेव्हाही तू माझ्याजवळ पाटी घेऊन बसलीस. अक्का, माझ्या आयुष्यात त्या दीड वर्षाइतकं सुख मला कधी मिळालं नाही. मी आजारी होते, शाळा सुटली होती, आणि मला वाटायचं हे असंच चालू राहावं.

पुण्याचं माझ्या नीट लक्षात आलं ते अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये. तू आपल्या सोलापूरच्या नवी पेठेतून एक निळी पिशवी आणलीस, खांद्याला अडकवायची. अव्वानं विचारलं कशाला, तर तू म्हणालीस, हॉस्टेलला लागेल. रात्री मला म्हणालीस, दोनच वर्षं गं तंगी, तोवर तू धावायला लागशील. मी हो म्हटलं. पण त्याआधी एकदा तू मैंदर्गीला लग्नाला तीन दिवस गेली होतीस. त्या तीन दिवसांत एका दुपारी माझी छाती इतकी धडधडली की मला वाटलं मी आता मरणार, आणि घरात कुणी नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. आता तीन दिवसांची दोन वर्षं होणार होती.

शेवटची, अकरावी वही माझ्याकडे होती, कारण तुझी परीक्षा चालू होती. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. तू प्रॅक्टिकलला गेली होतीस. दुपारचा एक वाजला असेल, पत्रा तापला होता, खाली यंत्रमागांची खटखट चालू होती. साठ हजार नऊशे तेहेतिसावी पट. म्हणजे वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मी भागत गेले, आणि शेवटच्या एकाशी आले तेव्हा बाकी काही उरलीच नाही. मला वाटलं मी कुठेतरी चुकले. पाटी पुसून पुन्हा केला. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा केला. मग आलेल्या भागाकाराला, पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्नला, उलटं गुणून पाहिलं. सतराच्या सतरा एक पाटीवर ओळीनं उभे राहिले.

मी किती वेळ त्यांच्याकडे बघत होते ते आठवत नाही. एवढं आठवतं, की आधी मला आनंद झाला. तुझ्या चपलांची वाट बघत मी उठून जिन्याकडे तोंड करून बसले. आणि मग ती निळी पिशवी दिसली, खुंटीला टांगलेली. मी वही घेतली. ६०९३३ लिहिलं आणि त्याच्यापुढे बाकी लिहिली, ४१८०९२. मनात आला तो आकडा. नंतर फडकं ओलं करून पाटी कोपऱ्यांपर्यंत नीट पुसली. तू चार वाजता आलीस, विचारलंस, काही मिळालं? मी म्हटलं, नाही.

परीक्षा संपल्यावर वहीची शेवटची पानं तू स्वतः केलीस. एकसष्ट हजार सातशे चौसष्टपर्यंत पोचलीस आणि शेवटच्या भागाकारातही बाकी उरली. पेन्सिल खाली ठेवून तू वही मिटलीस. तू सरांकडे गेलीस. ते म्हणाले, नियम बरोबर आहे, म्हणजे भागाकारात कुठेतरी चूक झालीय. ती शोध, मी थांबतो, पण उत्तर मी सांगितलं तर ते माझं होईल, तुझं नाही. सर वाईट नव्हते. त्यांना वाटलं तुझ्या हातात वेळ आहे. पण त्याच आठवड्यात बार्शीचं स्थळ आलं. अप्पा म्हणाले, "लई चांगली मानसं हायत. सर काय आले न्हाईत अजून. किती दिवस थांबायचं?" तू पंधरा दिवस मागून घेतलेस.

त्या पंधरा दिवसांत तू जेवणंही उभ्यानं केलीस. पहिल्या वहीपासून आपले भागाकार पुन्हा करत होतीस. फक्त तुझे. मी पलंगावरून बघत होते. एके दिवशी मला राहवलं नाही, मी म्हटलं, अक्का, माझ्या वह्या पण बघ ना. तू पाटीवरून मान न उचलता म्हणालीस, "तुझ्या कशाला? तू चुकत नाहीस. घाई मीच करते." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एव्हाना मला कळलं होतं की तू पुण्याला गेली नाहीस तर घरी राहणार नाहीस, बार्शीला जाणार आहेस, आणि दोन वर्षांसाठी नाही. मी चौदा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. पण आता सांगितलं तर तू माझ्याकडे कशी बघशील, याची मला लग्नापेक्षा जास्त भीती वाटली. पंधरा दिवसांत तुझ्या तीनच वह्या होऊ शकल्या. जूनमध्ये तुझं लग्न झालं.

निघताना तू अकराच्या अकरा वह्या माझ्या उशाशी ठेवल्यास. पदरानं माझं तोंड पुसलंस, कारण मी रडत होते, आणि सगळ्यांना वाटत होतं की मी बहीण जाते म्हणून रडते. तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "मला वाटायचं मला गणित येतं. तसं नव्हतं ते." हसत म्हणालीस. मग खाली गाडीचा हॉर्न वाजला.

पुढचं सगळं तुझ्यासमोरच घडलं. मी बरी झाले. शाळेत गेले, कॉलेजात गेले, तुझ्याच वर्गात तुझ्याच बाकावर मोहोळकरसरांपुढे बसले. त्यांनी एकदा तुझी चौकशी केली. मी म्हटलं, सुखात आहे. अप्पा मऊ झाले होते. "मोठीला पाठवलं न्हाय, ही तरी जाऊ दे," म्हणाले, आणि मी पुण्याला गेले, त्याच हॉस्टेलवर, तीच निळी पिशवी घेऊन, कारण तू ती घरीच ठेवून गेली होतीस. अव्वानं ती धुऊन दिली. मी नको म्हणू शकले नाही, नको का, हे सांगावं लागलं असतं.

दाजी देवमाणूस आहेत, हे मी कुणालाही सांगेन. सासूबाईंनीही तुला त्रास दिला नाही. म्हणून मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं, की अक्काचं बरंच झालं. संस्कृती झाली तेव्हा सांगणार होते, तू बाळंतीण होतीस म्हणून राहिलं. अप्पा गेले तेव्हा सांगणार होते. मग संस्कृती दहावी झाली, गणितात तिला ब्याण्णव मार्क पडले होते, सायन्सला जाऊ का म्हणून ती विचारत होती, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. तू पोळी उलटत तिला म्हणालीस, "नको गं. पुढचं गणित वेगळं असतं. तुझी मावशी सोडली तर आपल्यात ते कुणाला जमलेलं नाही. मी पडलेय तोंडावर, तू नको पडू." पोरीनं माझ्याकडे बघितलं. मावशी काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मी चहाचा कप विसळायला घेतला. ती आर्ट्सला गेली. अक्का, एका भागाकारातून मी दोघींचं घेतलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. संस्कृतीची पोर उत्कर्षा सुट्टीला आलीय, तिच्या पुस्तकात एक एक एकचं कोडं होतं, आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा तू कुणाला तरी सतरा एकांबद्दल सांगितलंस. तिनं मोबाईलवर विचारलं आणि तुला दोन्ही तुकडे वाचून दाखवले. तू लगेच एक वजा करून चौतिसानं भागलंस, तोंडी, आणि साठ हजार नऊशे तेहेतीस काढलंस. मग मला फोन केलास. तुझा आवाज कसा होता सांगू? आनंदी होता. तू म्हणालीस, नियम बरोबर होता गं तंगी, फक्त हात चुकला. शेवटच्या वहीत दोघींचं अक्षर होतं ना, मला आता आठवत नाही, ते पान माझंच होतं ना? आणि मी म्हटलं, "हो अक्का, तुझंच असेल." तू म्हणालीस, वाटलंच मला, परीक्षेचं डोकं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, अक्का. परवा एक्कावन्न वर्षांची होते. लहान होते म्हणून झालं, असं आता मला म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र. सोबत अकरावी वही पाठवतेय, पानाला खूण घातलीय, अक्षर माझं आहे, ते तू बघताक्षणी ओळखशील. उत्कर्षाला आणि संस्कृतीला ते पान दाखव, आणि मावशीनं काय केलं ते माझं नाव घेऊन सांग. माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझा फोन आला नाही तर मी समजेन, आणि मी आपणहून करणार नाही. फक्त एक गोष्ट तुला कळायला हवी. त्या फोननंतर मी तुझ्या सातही वह्या आणि शेवटच्या वहीतली तुझी पानं काढली, आणि नऊ दिवस शाळेच्या संगणकावर एकेक आकडा घालून तपासला. सात हजार पाचशे बारा भागाकार आहेत तुझे. त्यांत एकही चूक नाही.

तुझीच,
महानंदा